भिंतीपलीकडचा पंप

"काका, निदान कारण तरी सांगा ना," सोसायटीच्या मीटिंगमध्ये गार्गी म्हणाली. "सगळ्यात जास्त त्रास तर तुम्हालाच आहे. पंपाची खोली तुमच्या बेडरूमच्या भिंतीला चिकटून."

देवदत्त कर्णिक खुर्चीत ताठ बसून होते. मुलुंडच्या या सोसायटीत ते पहिल्यापासून राहत होते आणि हट्टीही पहिल्यापासूनच होते. जिन्यातले दिवे बदलायला त्यांनी हात वर केला होता. गच्चीवर सोलर बसवायलाही केला होता. पंपाचं नाव निघालं की मात्र नाही म्हणजे नाही. जुना पंप नुसती वीज खातो, नवा निम्म्या विजेत काम करेल आणि आवाजसुद्धा करणार नाही, असं सेक्रेटरी गार्गीने पुन्हा समजावलं. आवाज करणार नाही म्हणूनच तर त्यांना तो नको होता. पण हे चारचौघांत कसं सांगणार?

त्या पंपाचा आवाज काय होता म्हणून सांगू. आधी खोकायचा, मग घरघरायचा, मग भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. तो सुरू झाला की देवदत्तांच्या पत्नी, माणिककाकू, जिन्यात येऊन ओरडायच्या, "पंप चालू झाला गं, उठा!" मग वरपासून खालपर्यंत नळ उघडायचे, चहाची आधणं चढायची, कुणाच्या तरी कार्ट्याला उठत नाही म्हणून धपाटा बसायचा. काय दिवस होते ते. बिल्डिंगला घड्याळ लागत नव्हतं.

आता माणिककाकूंना काही आठवत नव्हतं. लेकीचं नाव गेलं. देवदत्तांनाच त्या कधी कधी "आपण कोण?" म्हणून विचारायच्या. पण पहाटे भिंतीपलीकडे घरघर झाली की उठून बसायच्या, अंबाडा बांधायच्या आणि म्हणायच्या, "अहो, उठा. पंप चालू झाला. हंडा लावा." पाणी भरून होईपर्यंत ती त्यांची जुनी माणिक असायची. तेवढाच काय तो संसार उरला होता.

सगळे आपल्याकडेच बघतायत हे देवदत्तांच्या लक्षात आलं. त्यांना लाज वाटली. आपल्या एका घरासाठी अख्ख्या बिल्डिंगने का सोसायचं?

"बसवा नवा," ते एकदम म्हणाले आणि उठून गेले.

नवा पंप बसला. पहाटे पाणी कधी वर चढलं ते कळलंसुद्धा नाही. माणिककाकू उघड्या डोळ्यांनी पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. देवदत्तांनी हाक मारली, तर त्यांनी परक्या पुरुषाकडे बघावं तसं बघितलं आणि पदर सावरला.

त्यानंतर एका पहाटे देवदत्त बाथरूममध्ये गेले. दार लावलं, रिकाम्या बादलीत तोंड घातलं आणि आधी खोकले. मग घरघरले. बँकेतला रिटायर्ड मॅनेजर माणूस, कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. दम लागला तरी घरघरत राहिले.

बाहेर बांगड्या वाजल्या.

"अहो, उठा. पंप चालू झाला. हंडा लावा."

देवदत्तांचे डोळे भरून आले, पण ते थांबले नाहीत. दाराबाहेर माणिककाकू कान देऊन ऐकत राहिल्या.

"किती दमल्यासारखा वाजतोय हो," त्या म्हणाल्या. "म्हातारा झाला बिचारा. सोसायटीला सांगा, आता नवा बसवा म्हणावं."