वरचं वर्ष

भाडेकरूंना हुसकावण्यासाठी घरमालकाने आठ बिऱ्हाडांच्या नळांना कुलपं ठोकली. तिथेच राहणाऱ्या प्लंबरचं डोकं फिरलं आणि एका संध्याकाळी त्याने आठही फोडली. खालच्या कोर्टाने कुलपामागे एक अशी आठ वर्षं सुनावली, तीही एकापाठोपाठ भोगायची. प्लंबरने वरच्या कोर्टात अपील केलं. “माफी मागा, अपील मागे घ्या, शिक्षेत सूट मिळवून देतो,” सरकारी वकील म्हणाले. “कुलपं मीच फोडली, त्याचं भोगतो,” त्याने ठणकावलं. “पण डोकं एकदाच फिरलं होतं. शिक्षा आठदा कशी?” सुनावणी व्हायलाच तुरुंगात दोन वर्षं गेली. न्यायाधीशांना त्याचं म्हणणं पटलं. आठही शिक्षा एकत्रच भोगायच्या, म्हणजे एकच वर्ष. प्लंबर सुटला. बायकोने घरचा सदरा पुढे केला. “अहो, चला.” तो न्यायाधीशांसमोरून हललाच नाही. “साहेब, मी दोन भोगली. वरचं वर्ष कोण परत देणार?”