उजवी पट्टी

“पोरखेळ!” कॅप्टन म्हणाले आणि त्यांनी विमानाच्या पंखावर टिचकी मारली. “त्यापेक्षा केक आणला असतास. निदान पोटात तरी गेला असता.”

जेवणाच्या टेबलावर ठोकळ्यांचं विमान उभं होतं. पंख हातभर लांब, पुढे पंखा, पोटाखाली एक दांडा. बॅटरी नाही, वायर नाही. दांडा हाताने हलवला की पोटातली दातेरी चाकं फिरायची, चाकं आतल्या काड्या ओढायची आणि पंखांच्या, शेपटीच्या कडेच्या पट्ट्या वरखाली व्हायच्या, अगदी खऱ्या विमानात होतात तशा. मुलीने चष्म्याचं दुकान सांभाळून, सुट्ट्या घालवून ते जोडलं होतं. एक चाक अडकत होतं म्हणून पूर्ण झालेलं विमान पुन्हा पोटापर्यंत उकललं होतं. आज वडिलांचा वाढदिवस. संध्याकाळी त्यांचे फिरायला जाणारे मित्र यायचे होते. कॅप्टन धुक्यात विमान उतरवल्याचा किस्सा सांगतील तेव्हा त्यांच्या हातात दांडा असावा, एवढीच तिची कल्पना. आणि खरं सांगायचं तर, केस पिकायला लागले तरी तिला त्यांच्या तोंडून एकदा ‘बरं जमलंय’ ऐकायचं होतं. ही हाव काही केल्या सुटत नव्हती.

कॅप्टनांना कौतुक करता येत नव्हतं असं नाही. स्वतःचं ते भरपूर करायचे. उमेदीच्या काळात दूरच्या शहरात एका लहानशा कंपनीची मालवाहू विमानं चालवल्याचं ते सांगायचे. महिन्यातून एकदा पांढऱ्याशुभ्र शर्टात घरी यायचे. पुढे कंपनी बुडाली, रुबाब तरंगत राहिला. बायको असो, जावई असो की दूधवाला, सगळ्यांना एकच ऐकवायचं, “तुम्हा जमिनीवरच्या माणसांना काय कळणार!”

मुलीलाही एकदा जमीन सोडायची होती. कॉलेजात असताना फ्लाइंग क्लबात तिची निवड झाली. वैमानिकाची मुलगी म्हटल्यावर तिथले प्रशिक्षक खूश झाले. वडिलांना घेऊन ये, म्हणाले, निवांत गप्पा मारू. तो निरोप तिने नाचत घरी आणला. कॅप्टनांनी ताटातून मान वर केली नाही. “ते तुझं काम नाही. विमान हातात घ्यायला छाती लागते.” विषय संपला. पुढे ती लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढू लागली. विमानांची पुस्तकं मात्र गुपचूप वाचत राहिली.

“दांडा हलवून तर बघा, बाबा,” ती म्हणाली.

कॅप्टनांनी उपकार केल्यासारखा दांडा उजवीकडे झुकवला. उजव्या पंखाची पट्टी वर उचलली, डाव्या पंखाची खाली गेली. ते खो खो हसले.

“उलटं लावलंस की गं सगळं! उजवीकडे दांडा नेला की उजवी पट्टी खाली जाते. जन्म काढलाय मी त्या खुर्चीत. पुस्तकं वाचून विमानं कळत नसतात!”

तिचे कान तापले. चूक आपलीच असणार, ही सवय तिला लहानपणापासून होती. तिने विमान ओढून घेतलं आणि मुकाट्याने हिशेब मांडला. उजवी पट्टी वर झाली की वारा तिला खाली दाबतो. उजवा पंख झुकतो. विमान उजवीकडे वळतं. तिने पुन्हा ताडून पाहिलं. विमान बरोबर होतं. आणि ही गोष्ट क्लबात पहिल्याच दिवशी शिकवतात.

“बाबा, नक्की? उजवी पट्टी खाली?”

“आता तू मला शिकवणार?”

“जाऊ दे ना गं,” दारातून आई म्हणाली. ती पाहुण्यांसाठी बशा घेऊन आली होती. “ते म्हणतात तसं लाव. आजच्या दिवस.”

मुलीने वळून आईकडे पाहिलं. “आई, तुला माहीत होतं?”

आईने बशा टेबलावर ठेवल्या. “सामान चढवायचे गं ते विमानात. तुला सांगायचं नाही, असं बजावलं होतं मला.”

“काहीतरीच बरळू नकोस!” कॅप्टन ओरडले. आवाज मात्र चांगलाच जमिनीवर आला होता.

मुलीला हसू आलं, पण ते कडू होतं. सामान चढवण्यात लाज कसली? खोकी उचलून बाबांनी आम्हाला वाढवलं, हे तिने गावभर मिरवलं असतं. पण या माणसाला शर्टाची इस्त्री मोडायची नव्हती. क्लबात कोणी दोन प्रश्न विचारले असते तर पितळ उघडं पडलं असतं. तेवढ्यासाठी त्याने पोरीलाच नालायक ठरवून टाकलं, आणि तिने ते आजवर खरं मानलं.

“म्हणून तुम्ही तेव्हा क्लबात आला नाहीत,” ती म्हणाली.

कॅप्टन टेबलावर उरलेल्या सुट्या ठोकळ्यांची रास उगाच नीट करू लागले.

बेल वाजली. मित्रमंडळी हसत खिदळत आत शिरली, खुर्च्या सरकल्या, विमान पाहून सगळ्यांनी वा वा केलं. “कॅप्टन, धुक्याचा किस्सा होऊन जाऊ दे!” एकजण म्हणाला.

कॅप्टनांनी मुलीकडे पाहिलं. आजवर त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, परवानगी मागितल्यासारखं.

तिने विमान उचललं. एकही ठोकळा न बदलता ते त्यांच्या हातात ठेवलं.

“सांगा ना, बाबा,” ती म्हणाली. “छाती लागते त्याला.”