बोटांच्या बेचक्यातली जखम

गुडघा बदलायच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी फिलोमिना सिस्टर कुमुदिनी परुळेकरांचा पाय पुसत होत्या. करंगळीजवळ त्यांचा हात थांबला. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या आणि तिथून पू येत होता.

“मावशी, हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत?”

कुमुदिनीबाईंनी त्यांचा हात धरला. “सांगू नका हो. मुलगा दुबईहून रजा काढून आलाय. परत कधी येईल, कोण जाणे. आणि ऑपरेशन गुडघ्याचं आहे, बोटांचं नाही.”

“इथले जंतू नव्या सांध्यावर जाऊन बसले, तर तो सांधाच काढावा लागतो.”

सिस्टरांनी डॉक्टरांना सांगितलं. ऑपरेशन रद्द झालं. कुमुदिनीबाई वॉकर आपटत घरी गेल्या आणि मुलगा ठरल्या दिवशी परतला.

दीड महिना रोज पाय धुऊन, कोरडा करून मलम लावायचं होतं. कुमुदिनीबाईंना वाकता येत नसे, म्हणून शेजारच्या नलूताई लावून देत. जखम पूर्ण भरली, मगच ऑपरेशन झालं. दवाखान्यात सोबतीलाही नलूताईच राहिल्या.

चौदाव्या दिवशी फिलोमिना सिस्टरांनी टाके काढले. गुडघ्यावर ना लाली होती, ना सूज.

“सिस्टर, त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात फार शिव्या घातल्या,” कुमुदिनीबाई हळूच म्हणाल्या.

“मनातल्या मनात?” सिस्टर हसल्या. “मावशी, सगळ्या वॉर्डानं ऐकल्या होत्या!”