टाचणीची सही

"या मुलीची पानं सगळ्यांत छान आहेत," साहेब म्हणाले, आणि शिवणाच्या बाईंची सुई कापडात तशीच राहिली.

अनुदान चालू ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवायला सरकारी साहेब बुधवारी सकाळीच केंद्रात आले होते. शाळा सुटलेल्या, वाकडी वाट सहज धरतील अशा वीस मुली, आणि प्रत्येकीमागे एक वडीलधारी बाई. दर बुधवारी तासभर समोरासमोर बसायचं, मुलगी काय बोलली ते वहीत एका पानावर लिहायचं, खाली मुलीनं सही करायची. विसातली एक जरी कमी झाली, तर केंद्राला कुलूप.

शिवणाच्या बाईंच्या वाट्याला आलेली मुलगी काडीसारखी बारीक आणि बोलायला टोकदार. सगळे तिला टाचणीच म्हणत. ती सही करत नसे. "माझं नाव कुणाच्या कागदावर नको," म्हणायची, आणि बाईंच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी उचलून पानाच्या कोपऱ्यात एक भोक पाडायची. झाली सही.

चार महिने ती आली नव्हती. शेवटच्या बुधवारी जाता जाता म्हणाली होती, "सावत्र बाप परत आलाय. मी आले नाही तर शोधायला याल ना?"

"येईन गं."

पण शोधायला जायचं म्हणजे ती नाहीशी झाल्याचं सांगावं लागणार. "एकीपायी एकोणीस जणींना रस्त्यावर आणू नका, बाई," संचालिका मॅडम म्हणाल्या. "येईल ती. जाते कुठं." तेव्हापासून बाई दर बुधवारी रिकाम्या खुर्चीसमोर बसून पान लिहीत. आज खुशीत होती. आज काजं शिकली. मग मन घट्ट करून भोकही स्वतःच पाडत.

"आता हेच बघा, गेल्या बुधवारचं." साहेबांनी चष्मा वर सरकवला आणि वाचलं, "'आज म्हणाली, बाई, तुम्ही अजून आला नाहीत. मी काही फार लांब नाही.'" ते हसले. "लपंडाव चालतो वाटतं तुमचा?"

"अल्लड आहे हो," मॅडम म्हणाल्या. "आज तास झाला आणि ताप भरला म्हणून घरी गेली, नाहीतर भेटवलीच असती."

बाईंनी वही जवळ ओढली. अक्षर त्यांचंच होतं. ओळीखाली घसरणारा 'ल'सुद्धा त्यांचाच. पण गेल्या बुधवारी त्यांनी 'तुरपाई शिकली' एवढंच लिहिलं होतं.

"चार महिन्यांत एक खाडा नाही," साहेब बॅगेतून शिक्का काढत म्हणाले. "अशा मुलीची काळजीच नको."

"आजचं पान राहिलंय," बाई पुटपुटल्या आणि त्यांनी पान उलटलं. पान कोरं होतं. कोपऱ्यात भोक होतं.

त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. वरून टोचलं की कागद खालच्या अंगाला फुटतो. हा वर फुटला होता. त्यांनी खालचं पान उचलून पाहिलं. त्याला भोक नव्हतं. नुसता ओल्या मातीचा एक ठिपका होता.

"भरून टाका बाई लवकर," मॅडम हळूच म्हणाल्या. "साहेबांना उशीर होतोय."

बाईंनी पेन घेतलं. तारीख घातली, आणि तिच्यापुढे एकच शब्द लिहिला. गैरहजर.

समोरची रिकामी खुर्ची करकरत मागे सरकली, कुणी उठून निघाल्यासारखी. साहेबांचा शिक्का हातातच राहिला.

बाईंनी चपला पायात सरकवल्या आणि टाचणीच्या मागून निघाल्या.