देवमाशाची विचारपूस

“तुमचा गाणारा गप्प का?” शिडाच्या होडीखालून देवमाशाने विचारलं. भाषांतर-यंत्राच्या पडद्यावर ती ओळ वाचून मालतीबाईंना रडूच आलं. महिनाभर भर समुद्रात दोघंच. दुपारी दिगंबरराव घोरू लागले की त्या त्यांना कोपराने ढोसायच्या. आता तीन दिवस ते तापाने फणफणले होते, डोळ्याला डोळा लागत नव्हता.

“आजारी आहेत हो,” त्यांनी टाइप केलं.

“मग आज मी गातो.”

होडीच्या फळ्या हळूहळू गुणगुणू लागल्या. थोड्या वेळाने दिगंबररावांना दरदरून घाम आला, ताप उतरला आणि ते चक्क घोरू लागले.

सवयीने मालतीबाईंचं कोपर वर गेलं, पण तिथेच थांबलं. डोळे पुसत त्यांनी टाइप केलं, “येतंय ना ऐकू?”