ब्लेझार आणि भाता

एका नव्या इंग्रजी लेखावरून मला दुसऱ्या दिवशी वाचनालयात ब्लेझारांवर बोलायचं होतं. लेख आठवडाभर वाचूनही मलाच तो उमजला नव्हता. हातखंब्याला धोंडू लोहाराकडे कोयती पाजवायला गेलो, तेव्हा त्याची बायको गंगुबाई भाता ओढत होती.

"गुरुजी, तोंड का उतरलंय?" तिने विचारलं.

मी चाचरत सांगितलं, "ब्लेझार म्हणतात अशा फार दूरच्या काही दीर्घिकांतून क्ष-किरण येतात. ते काही तासांतच प्रखर होतात आणि त्यांचा जणू रंगही बदलतो."

"बदलणारच. आच वाढली की तांबडं लोखंड पिवळं होतं, मग पांढरं," निखाऱ्यांवरून नजर न काढता ती म्हणाली. "पन तितं भाता कोन वढतो?"

तो लेख याच प्रश्नापाशी येऊन संपला होता. दुसऱ्या दिवशी मी तिचं नाव घेऊन तिथूनच सुरुवात केली.