पाच पुंकेसर

देगावकर सरांनी लग्नाची पत्रिका आधी डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली आणि विचारलं, "रुक्मिणी म्हेत्रे म्हणजे कोण हो बाई?"

रुक्मिणीचा चेहरा उतरला. लेकीला घेऊन ती तिच्या लग्नाची भांडी घ्यायला मंद्रूपहून सकाळच्या एसटीनं सोलापुरात आली होती. पण देवापुढं पत्रिका ठेवून झाली की पुढची सरांना द्यायची, हे तिनं मनाशी कधीचं ठरवलेलं.

सत्त्याहत्तर सालचा वैशाख. कॉलेजला सुट्टी होती. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सर एकटेच, वाळवलेल्या फुलापानांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवत होते. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते.

"मी दुर्गा, सर. इंटरला होते. परीक्षेआधीच लग्न झालं."

सरांनी चष्मा कपाळावर सारला. "ऊटीच्या सहलीत माझ्याशी भांडलेली दुर्गा? मग पत्रिकेत रुक्मिणी कशी?"

"सासरी नाव बदललं की."

"बोलणंही बदललं."

"मंद्रूपचं पानी हाय, सर," ती हसत म्हणाली. दुर्गा म्हणून हाक मारणारं आता माहेरीसुद्धा कुणी उरलं नव्हतं.

सर बाकावर बसलेल्या मुलीकडे वळले. तिच्या मांडीवर कागदात गुंडाळलेलं नवं पितळी ताट होतं. "आणि ही नवरी. तुझं नाव काय, बाळ?"

"आठ दिवस मथुरा," मुलगी म्हणाली. "मग सुलोचना."

रुक्मिणी घाईनं मध्ये पडली. "माळशिरसच्या आमच्या विहीणबाईबी मथुराच, सर. एका घरात दोन मथुरा कशा चालतील? मी व्हय म्हणून टाकलं. नवरदेवानं तांदळात नवं नाव लिहायचं, त्याला म्या हे ताटबी घेतलं."

"मला न इचारता," मथुरा ताटाकडं बघत म्हणाली. पत्रिका छापून आल्यापासून ती आईशी धड बोलत नव्हती.

कपाटाच्या खालच्या कप्प्यातून सरांनी एक जाड कागद दोन्ही हातांनी अलगद काढला आणि टेबलावर ठेवला. कागदावर दोऱ्यानं टाचलेली एक वाळकी डहाळी होती. तिच्यावरचं फूल चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. खाली कोवळ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'अझेलिया. ऊटी, सरकारी बाग. वेचणारी: दुर्गा.'

रुक्मिणीला एकदम ऊटीची थंडी आठवली. मैत्रिणीचा मागून घेतलेला स्वेटर. परतीच्या गाडीत हे फूल वर्तमानपत्रात घालून ती त्यावर स्वतः बसून आली होती, नीट दाबलं जावं म्हणून. तेव्हा ते गुलाबी होतं.

"जुन्या काळी एका मोठ्या पंडितानं फुलांतले पुंकेसर मोजून घरं वाटली," सर मथुरेला सांगू लागले. मे महिन्यात, रिकाम्या वर्गात, एकाच मुलीला शिकवताना त्यांचा आवाज भरल्या वर्गाचा झाला. "दहा असले की रोडोडेंड्रॉन. पाच असले की अझेलिया. तुझ्या आईनं डोंगरावरच्या झाडाच्या फुलात दहा मोजले, बागेतल्या या फुलात पाच मोजले, आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, 'सर, ही दोन वेगळी घरं.'"

"मग चुकलं व्हय तिचं?"

"मोजणं बरोबर होतं. पण नंतरच्या लोकांनी पानं पाहिली, पानांवरची लव पाहिली, बी पाहिलं. तेव्हा कळलं, एवढ्यातेवढ्यानं घर वेगळं होत नसतं. अझेलिया रोडोडेंड्रॉनच्याच घरातली. पुढच्या तासाला हे तिला दाखवायचं मी ठरवलं होतं. पुढच्या तासाला ती आलीच नाही. मग ही चिठ्ठी लावून ठेवली."

त्या तिरक्या अक्षराशेजारी सरांच्या हातची एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली होती. 'रोडोडेंड्रॉन.' तिचा डिंक पिवळा पडला होता. रुक्मिणीनं ती आज पहिल्यांदा पाहिली.

मथुरा टेबलाजवळ आली. "मग जुनं नाव फाडून का न्हाय टाकलं?"

"फाडायचं नसतं, बाळ. आमच्यात तशी रीतच आहे. नवं नाव शेजारी लावायचं आणि जुनं होतं तिथंच ठेवायचं. नाहीतर जुन्या नावानं जे तिला ओळखत होते, त्यांनी तिला शोधायचं कुठं?"

रुक्मिणीनं 'दुर्गा' या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हितं मात्र दुसरी चिठ्ठी न्हाय, सर."

"वेचणाऱ्याचं नाव बदलत नसतं," सर म्हणाले, आणि डांबराची एक गोळी सोबत ठेवून त्यांनी कागद परत कपाटात सरकवला.

कॉलेजच्या फाटकाबाहेर रस्ता तापून पांढरा दिसत होता. रुक्मिणीनं पदर डोक्यावर घेतला आणि हात पुढं केला.

"ताट दे हिकडं. निंगप्पाच्या दुकानात बदलून आणू. परात घेऊ."

"परात कशाला? सुलोचना लिहायला हे पुरं की."

"सुलोचनाला पुरंल. शेजारी मथुरा लिहायचं तर मोठं पायजे."

मथुरा जागीच थांबली. "आन् सासूबाई?"

"त्यांच्याशी मी बोलते. ऊटीला मी सरांशी भांडले होते, ऐकलंस न्हवं?"

मथुरेनं ताट दिलं नाही. तिनं ते काखेत घट्ट धरलं आणि आईच्या पुढं होत म्हणाली, "चला दुर्गाबाई, दुकान बंद व्हायच्या आत."